फ्रिजवरचा कागद

एकतीस वर्षं रबाळ्याला पॉवर प्रेसवर
पत्र्याची झाकणं पाडली.
कान कधी गेले ते ऐकूच आलं नाही.
आधी घड्याळ गेलं,
मग कुकर, मग पंख्याची कुरकुर,
सगळ्यात शेवटी हेमलताचं 'अहो'.
घरात किती शांत वाटतं, असं मी एकदा म्हणालो.
तुमच्या घरात, ती म्हणाली.
ओठ मला वाचता येतात,
रागातले तर लांबूनसुद्धा.

जावयाचं नाव निनाद.
त्यात माझा काही हात नाही.
दिवाळीला तो मिठाईऐवजी तीन बल्ब घेऊन आला,
स्टुलावर चढला, मोबाइलला बराच वेळ काही समजावलं,
मग कागदावर लिहून दाखवलं :
बाबा, आता घरच तुमच्याशी बोलेल.
म्हटलं, घर कशाला,
तूच बोल की जरा, तोंड माझ्याकडे करून.

तोच कागद उलटून केतकीनं यादी केली
आणि फ्रिजवर आंब्याच्या चुंबकाखाली लावली.

निळा म्हणजे दारावर कोणीतरी.
पहिल्याच दिवशी भिंत निळी झाली, मी धावलो,
तर दिवाळ्याची बेबी, टोपलीत बांगडे.
दुपारी हेमलता खाली गाळ्यात, फॉल-पिकोला,
आणि ही दोन वर्षं बेल वाजवून परत जात होती.
मला वाटलं, हिनं धंदा सोडला.
तिला वाटलं, आम्ही माळ घातली.

केशरी म्हणजे कुकर.
तीनदा लुकलुकला की गॅस बंद.
पण घणसोलीत सिडकोच्या भिंती त्या केवढ्या,
वरच्या साळगावकरांची शिट्टीही बल्बला ऐकू यायची.
चार दिवस मी थंड शेगडी बंद करत होतो.

जांभळा, सकाळ-संध्याकाळ आठला, बीपीची गोळी.
रात्री पॅसेजमध्ये लाल, अगदी मंद,
निखारा राखेत ठेवावा तसा;
बाथरूमला उठलं तर पाय उंबरठा ओळखतो
आणि झोप डोळ्यांतच राहते.
फक्त लाइट जाऊन आली की बल्ब सगळं विसरतो.
रात्री तीनला भगभगीत पांढरा.
मी ताडकन उठून बसतो,
पहिली पाळी चुकली म्हणून.

यादीत शेवटी केतकीनं लिहिलंय :
पांढरा म्हणजे काही नाही, बसा निवांत.

परवा सव्वातीनला मटार सोलत बसलो होतो.
भिंत गुलाबी झाली.
माझे हात गुलाबी, परातीतले दाणे कसल्याशा विचित्र रंगाचे.
कागद पाहिला. त्यावर गुलाबी नाही.
दार उघडलं, जिना रिकामा.
गॅस बंद. गोळ्या मोजल्या, बरोबर.
केतकीला मेसेज केला, ठीक आहेस ना?
तिचा उलट आला, तुम्ही ठीक आहात ना?
शेवटी एका पायात माझी, एका पायात तिची चप्पल घालून
खाली गेलो.

हेमलता मशीनवर. मांडीवर अबोली साडी,
अर्धा फॉल लागलेला.
खुणेनं विचारलं, काय?
तिच्या तोंडात टाचण्या होत्या,
त्या तिनं काढल्या नाहीत.
टाचण्या असल्या की ओठ वाचता येत नाहीत,
हे तिला ठाऊक आहे.
नुसता मोबाइल दाखवला, खांदे उडवले :
हात लागला असेल.

काल पुन्हा हात लागला.
सव्वातीनलाच.

आज मटार नव्हते, तरी परात घेऊन बसलो.

संध्याकाळी यादीत सगळ्यात खाली
'गुलाबी' लिहिलं आणि पुढची ओळ कोरी ठेवली.
मग निनादला विचारलं,
गाळ्यात एक बल्ब लावता येईल का,
इकडून तिकडे लागणारा.
त्याचं लगेच उत्तर : येईल की! कोणत्या कामासाठी?

तू होल्डर तेवढा बसव, मी लिहिलं.