नोंद काढते

सबंध ऑफिसात घरी मराठी बोलणारी मी एकटी,
म्हणून मंचरच्या शीतगृहाचं काम माझ्याकडे आलं.
लुणावत सर म्हणाले, "आपकी तो मातृभाषा है,
दो दिन में हो जाएगा."
पंधरा अवजारं होती
आणि ती उचलणारा एक एजंट,
ज्याला हात नाहीत, नुसतं वाचन आहे.

प्रत्येक अवजाराखाली एक ओळ लिहायची होती.
मी लिहिलं:
खोलीचं तापमान सांगते.
गाडीचा नंबर तपासते.
नोंद उघडते.
नोंद काढते.
आणि सहा मजले उतरून विजयनगरच्या नाक्यावर पोहे खाल्ले,
जिरावन जरा जास्तच घालून.

मंगळवारी बाणखेल्यांचा फोन.
"मॅडम, सात नंबरच्या खोलीची नोंद काढ म्हणालो त्याला.
बघायची होती हो.
त्यानं काढूनच टाकली की."
तीनशे बारा पोती बटाटा
गारठ्यात जागच्या जागी होता
आणि कुठेच नव्हता.

सर म्हणाले, मशीनला अक्कल नाही.
प्रखर म्हणाला, "भिया, मॉडेल बदल देते हैं."
आधी मला वाटलं, माझी इंदुरी मराठी नडली,
पुण्याच्या मावसबहिणी जिला हसतात ती.
मग मी लॉग उघडला.
त्यानं कारण लिहून ठेवलं होतं, कुणाला दोष न देता:
माणसाने नोंद काढायला सांगितली.
हे अवजार नोंद काढते.
काढली.

यात चूक दाखवा.

आपण काय काय काढतो.
रांगोळी काढली की ती येते,
काटा काढला की तो जातो.
कर्ज काढतो, फोटो काढतो, भांडणात उणंदुणं काढतो,
आणि कुणाची आठवण काढतो तेव्हा
ती जास्तच आत जाऊन बसते.
दिवस काढतो,
त्यात तर येत-जात काहीच नाही.

थावरी झाबुआहून कामाला आली त्या पहिल्या आठवड्यात
मी चपला घालता घालता म्हणाले होते, "दूध काढून ठेव गं."
म्हणजे विरजणापुरतं,
वाटीत,
फ्रिजमध्येच.
हे सगळं माझ्या डोक्यात होतं, अगदी स्वच्छ.
तिनं पातेलं काढलं आणि ओट्यावर ठेवलं.
मे महिना होता.
संध्याकाळी मी तिला काय काय बोलले
ते इथे लिहीत नाही.
ती पदराचं टोक चिमटीत धरून उभी होती,
सांगितलेलं केल्यावर माणूस जसा उभा राहतो तसा.

रात्री ती ओळ पुसून लिहायला बसले:

नोंद कायमची पुसते. पुसलेली परत मिळत नाही.
नुसती बघायची असेल तर हे वापरू नये,
त्यासाठी 'नोंद उघडते' आहे.
खोलीचा नंबर आणि पावतीचा नंबर, दोन्ही लागतात;
एकच असेल तर अंदाज करू नये.
माणूस 'काढ' म्हणाला तर आधी त्याला विचारावं,
बघायला, की पुसायला?

एका ओळीच्या सात झाल्या.
प्रखर म्हणाला, "इतना कौन पढ़ेगा?"
जो वाचणार आहे त्याच्यासाठीच लिहिलं होतं.
उरलेली चौदा पहाटेपर्यंत पुरली.
'तपासते' वर तासभर गेला:
तपासते, आणि चुकीचं निघालं तर काय करते?
मला माहीतच नव्हतं.

तिकडे बाणखेले वहीवरून पोती परत चढवत होते,
फोन स्पीकरवर ठेवून, मोठ्यानं मोजत.
दोनशे अठ्ठ्याण्णववर त्यांना शिंक आली
आणि ते दोनशे नव्वदवर परत गेले.

घरी आले तेव्हा थावरी आली होती.
मी म्हणाले, "फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यातलं दूध,
निळ्या वाटीत, अर्धी वाटी,
आणि वाटी परत आत, झाकण लावून."
ती हसायला लागली.
"इतना काहे को बोल रहे हो दीदी,
मेरे को मालूम है."

तिला मालूम आहे.
त्याचा मात्र उद्याही
कामावरचा पहिलाच दिवस.