डाव्या नळीत

निवडणूक संपून अठरा दिवस झाले
तेव्हा कुठं खानापूरच्या ठाण्यातनं दुनळी सुटली.
युरियाच्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन
बाबा जांबोटीच्या बसमध्ये बसले.
कंडक्टर म्हणाला, भरमाणा, हिचं अर्धं तिकीट काढू काय?

पावती कन्नडात. ती मीच वाचायची, शाळा माझी तीच.
बारा बोअर, दोन नळ्या, स्थिती उत्तम.
बाबा दस्ता अंगठ्यानं चोळत राहिले.
ठाण्यात सगळ्यांचीच स्थिती उत्तम असती, म्हणाले.

ओसरीवर पोतं पसरलं.
तीन तुकड्यांची सळई,
म्हाताऱ्याच्या मिशीसारखा झडलेला पितळी ब्रश,
आईच्या विटलेल्या इरकलीच्या चौकोनी चिंध्या,
शिलाई मशीनचं तेल,
आणि रेशनवर मिळायचं तेव्हाचं, तळाला उरलेलं रॉकेल.

आधी दोन्ही घरं बघ.
मी सात वर्षांची असल्यापासून दर वेळी हेच.
बंदूक रिकामी आहे हे ज्याला पक्कं ठाऊक असतं
त्याच्याच हातून माणूस मरतो, हेही.

खटका दाबला. बंदूक कमरेत वाकली. घरं रिकामी.
नळ्या सोडवून मी उजेडाकडं धरल्या.
बाबांच्या डोळ्यांत आता साय आली आहे,
म्हणून बघायचं मी आणि विचारायचं त्यांनी.

उजवीत कड्या, एकीत एक, पार टोकापर्यंत,
आणि शेवटच्या कडीत फणसाचं अर्धं पान.
डावीत काही नाही.
काही नाही म्हणजे?
म्हणजे रात्र आहे, बाबा.

सळई दोन हात आत गेली आणि थांबली.
चिंधी अडकली असंल, आई म्हणाली.
मी नळीत चिंधी ठेवतो व्हय, बाबा भडकले,
मग नळीच्या तोंडाशी नाक नेऊन गप्प झाले.
माती.

कुंभारीण.
तालुक्यातल्या साठ-सत्तर बंदुका भिंतीला टेकलेल्या,
एकेकीच्या गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला,
आणि ही बया ओली माती तोंडात धरून
खिडकीच्या गजांतनं ये-जा करत
नेमकी आमचीच निवडून बसली.

कुंभारणीचं घर मोडू नये, आई म्हणाली.
ती बोलली बाबांशी, बघितलं वहिनीकडं.
वहिनी रताळी निवडत होती, निवडत राहिली.

करंबळच्या सटुप्पाची नळी चिखलानंच फुलली होती,
केळीच्या सालीसारखी.
डाव्या हाताला उरलेल्या दोन बोटांनी
तो अजून तंबाखू मळतो. चांगली मळतो.
बाबांनी हे सांगितलं नाही.
नुसता आपला डावा हात उघडून मिटला.

घराकडनं तोंडाकडं, उलटं कधी नाही.
तळव्याचा एक ठोका. दुसरा.
पेपरावर, निवडून आलेल्याच्या हसऱ्या फोटोवर,
पिवळट मातीचं बूच पडलं, आमच्या शिवारातली नव्हे ती माती,
मग कोळी, हिरवे, सहा, मेल्यासारखे पण मेलेले नाहीत,
आणि तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी.
आईनं ती फणसाच्या पानावर घेतली
आणि परसाकडं गेली. काय केलं ते विचारलं नाही.

मग रॉकेल, ब्रश, चिंधी.
चिंधी काळी, चिंधी तांबूस,
चिंधी परत तांबूस,
सातवी जवळपास इरकलीच्या रंगाची.
तेलाचा हलका हात. जास्त नको, धूळ धरतंय.

आता बघ.
कड्या आल्या. टोकाशी मात्र, माती बसली होती तिथं,
मोहरी फुटावी तसे खड्डे.
किती?
तीन.
तीन म्हणजे पाच, बाबा म्हणाले,
आणि नळी माझ्याकडनं काढून घेतली.

रात्री रताळ्यांत डुकरं उतरली.
बाबांनी एकच बार काढला, उजवीचा, आभाळात.
डावी नुसती सोबतीला होती.