पाळ

पाळी चुकली तेव्हा धान निसवत होतं.
सासू म्हणाली, निहालच्या पाठीवर एक होऊ दे.
मीही ट्रंकेतली झबली मोजून ठेवली.

ब्रम्हपुरीला सोनोग्राफीवाल्या बाईंनी
यंत्र पोटावर फिरवलं, थांबवलं,
पुन्हा तिथंच आणलं.
गर्भ आहे म्हणाल्या, ठोकाही आहे,
पण मागच्या सिझरची शिवण आहे ना,
तिच्या भेगेत बसलाय.
शिवण पातळ. पलीकडे लघवीची पिशवी.
वाढला तर फाटेल.

आशाताई ममतानं सासूला फोनवर सांगितलं,
"जीव हाये मावशी, जागा चुकली."
सासू म्हणे, "मंग सरकवून द्या ना जागेवर."
कोणी हसलं नाही.

आम्ही कोहळी. तळी बांधणारे.
बापानं लहानपणी हाताला धरून दाखवलं होतं:
पाळ फुटते ती जुन्या डागडुजीपाशी.
तिथलं रोप सगळ्यांत हिरवं दिसतं,
उपटायचं तर कोवळं असताना, मुळासकट,
आणि त्याच दिवशी माती ठोकायची.
डॉक्टर गहाणे कागदावर पेननं तेच काढत होते.
मी गप्प, म्हणून त्यांना वाटलं कळलं नाही.
त्यांनी दुसऱ्यांदा काढलं.

सही माझीच. नवरा हैदराबादेत सेंट्रिंगवर,
त्याचा "हो" ममतानं स्पीकरवर ऐकवला.
रक्ताच्या दोन पिशव्या: एक भाच्याची,
एक कोणाची, माहीत नाही.

जुन्याच रेघेवर कापलं.
लघवीची पिशवी हळूच सोडवून खाली घेतली,
होतं ते काढलं,
भेगेच्या कडा छाटल्या, ताज्याला ताजं शिवलं.
हे सिस्टर मडावींनी सांगितलं
सलाईन बदलता बदलता,
भाजीची कृती सांगावी तसं.
"केवढं होतं?" मी विचारलं.
त्यांनी बोटाचं पेर दाखवलं,
मग हात खिशात घातला.

घरी सुतक नाही. शेकशेगडीही नाही.
झबली कोणी उचलून ठेवली, विचारलं नाही.

दर सोमवारी एसटीनं रक्त द्यायला जात होते.
अठरा हजार. नऊशे. साठ.
"उतरतंय, चांगलं आहे," लॅबवाला म्हणायचा.
उतरत्या पाण्याला चांगलं म्हणणारा
मी पहिल्यांदाच पाहिला.
पाचव्या सोमवारी कागदावर: पाचाच्या खाली.
"झालं ताई, आता येऊ नका."

सहाव्या सोमवारी मी तरी थांब्यावर उभी.
कंडक्टरनं न विचारताच
ब्रम्हपुरीचं अर्धं तिकीट काढलं.
मी घेतलं.