वाफा क्रमांक अकरा

कुलूप आम्ही तोडलं नाही.
किल्ली महापालिकेत कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे
हे विचारण्यात एक उन्हाळा गेला.
वाट दाखवली दगुबाईच्या शेळ्यांनी –
पश्चिमेच्या भिंतीत चुना सुटून
चार चिरे निखळलेले, तिथून.

आत घाणेरी, डोक्याच्या वर.
घाणेरीत सुबाभूळ, सुबाभळीत बाटल्या,
बाटल्यांखाली मोटेची धाव,
बैलांच्या खुरांनी गुळगुळीत,
विहिरीकडे पाठ करून उतरत गेलेली.

गुलशनाबाद म्हणायचे म्हणे या गावाला.
खैरनार म्हणाले, असेल. आधी कुदळ आणा.
बत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये त्यांनी
फिसकटलेली शाई हुडकली.
आता मेथीवरची अळी हुडकतात,
तोच चष्मा,
आणि जिभेला अंगठा लावून पान उलटायची
तीच सवय.

वाफे सत्तावीस. चिठ्ठ्या टाकल्या.
मला अकरावा, भिंतीच्या कुशीत,
दुपारी दोननंतर ऊन नाही.
तिथे काही बोलले नाही, घरी येऊन बोलले.
अळू लाव, झाहिदा म्हणाली दुसऱ्या दिवशी,
त्यालाही तुझ्यासारखं ऊन सोसत नाही.

पाण्याची बारी मी वहीत लिहिते.
सटाण्याकडच्या यमुनाबाईंना वही लागत नाही,
त्यांचा जन्म फडावरचा:
पाटाच्या शेपटाला आधी द्या गं,
तोंडाशी असतो त्याला मिळतंच.

मग भिंतींचे जाणकार आले.
टेप लावला, चिरा वाजवून ऐकला.
गूळ, हिरडा, बेलफळ घालून चुना मळा म्हणाले,
दरवाजा दुरुस्त करा, खिंडार बुजवा.
बरोबरच होतं त्यांचं.
अकरा रविवार मळला. उत्तर बाजू झाली,
विहिरीचा काठ झाला,
दरवाजाही उघडला, ओरडत.

पश्चिमेला पोचलो
तर दगुबाई खिंडारात बसलेली, काठी आडवी धरून.
शेळ्या बाहेर.
ज्यांनी रस्ता काढला त्यांनाच हाकलत होती,
आमच्या कोथिंबिरीसाठी.
वाफा नकोय मला, म्हणाली. तण द्या काढलेलं.

घमेल्यातला चुना सुकत चालला.
कुणी उचलेना.
शेवटी कडेचे चिरे तेवढे पक्के केले,
खाली एक आडवा टाकला, बसायला.

वहीत त्या जागेला काय म्हणावं
अजून ठरलेलं नाही. रकाना कोराच आहे.

अळूची पहिली पानं गुरुवारी कापली.
खाजरी निघाली.
चिंच जास्त घालावी लागली.