सतराचा पाना

आधी डाग दिसला.
गुरांच्या दवाखान्याच्या फाटकाशी, जिथे मी इंडिका लावते,
तांबडा, तळहाताएवढा.
खंडू शिपाई म्हणाला, मॅडम, कोणीतरी पान थुंकतंय इथं,
आणि त्याने कुठूनशी देवाची फरशी आणून ठेवली.
दुसऱ्या दिवशी फरशीवरही डाग.
तेव्हा कुठे मी वाकून गाडीखाली पाहिलं.

बहादरपूरच्या वळणावर स्टिअरिंग ओरडलं,
रेडकू अडलेल्या म्हशीसारखं.
दोन्ही हातांनी ओढून गाडी वळवली,
मागे नायट्रोजनचा जार दोरीत कण्हत होता.

पारोळ्याच्या बायपासला, चिंचेखाली,
झुलाल मिस्तरी टायरवर बसलेले.
हर्नियाचे टाके अजून ओले,
पोऱ्या सुरतला निघून गेलेला.
बसल्या जागेवरून वास घेतला त्यांनी.
"दाबना पाईप फुटेल शे, बाई.
पन मन्हा हात आते जात नही तठे."

तुम्ही सांगा बापू, मी करते.

ते हसले, मग टाक्यांवर हात धरून थांबले.

धुळ्याहून पाईप आला एसटीच्या कंडक्टरकडे,
पेपरात गुंडाळलेला, अकराशे साठ रुपये.
दुपारी दोन वाजता मी गाडीखाली,
पाठीला पोतं, पोत्याखाली निखारा झालेली जमीन.
कापलेल्या डब्यात जुनं तेल ठिबकत राहिलं.
रॅककडचा नट मुकाट सुटला.
पंपाकडचा मात्र मागे, लोखंडाच्या आड.
बॅटरी मारली, मान वळवली, आरसा धरला.
"दखाय नही तठे," वरून आवाज आला,
"उगा डोळा नको फोडू."

मग मी डोळे मिटले.

बावीस वर्षं हेच तर करते आहे.
गायीच्या आत कोपरापर्यंत हात,
तोंड तिच्या शेपटीच्या बाजूला वळवलेलं,
आणि बोटं शोधतात ती गाठ,
कोंबडीच्या मानेसारखी, टणक, जरा सरकणारी.
दिसत काहीच नाही. कधीच दिसलं नाही.
शिकवताना सरांनी एवढंच सांगितलं होतं,
घाई केली की ती आवळून घेते.

नट तिथेच होता.
सहा कडा मोजल्या. एक झिजलेली.
सतराचा पाना बोटांवरून सरकवत नेला,
बसला, तेव्हा मनगटाला कळलं.
एक झटका. मग कोपरापर्यंत तेल.

तांब्याच्या चकत्या नव्या घालायच्या,
बापू दोनदा म्हणाले, मी दोनदा हो म्हणाले,
आणि एक धुळीत पडली.
अर्धा तास चाळली माती, ओढणीने.
सापडली ती माझ्याच बुटाच्या टाचेखाली.

आटे आधी हातानं.
दोन, तीन, चार, सरळ जातायत ना,
मगच पाना.
एवढं सगळं मला गायींनी शिकवलं, असं म्हणणार होते,
पण तोंडात तेल गेलं.

हवा काढताना बापू हट्टाने सीटवर बसले.
पुढची चाकं जॅकवर अधांतरी,
टाक्यांना सांभाळत ते स्टिअरिंग फिरवत होते
या टोकापासून त्या टोकापर्यंत, पण टोकाला न रेटता,
आणि मी टाकीत डोकावून सांगत होते:
फेस आहे. अजून फेस आहे.
बुडबुडे आहेत, बारीक.
"निघू दे तिले," ते म्हणाले, "कोंडायेल व्हती."
मग एकदा फिरवलं
आणि काहीच आवाज आला नाही.
रस्त्याने एक डंपर गेला, तो ऐकू आला,
चिंचेवरचा होला ऐकू आला.

मजुरी किती, विचारलं.
"मजुरी तू करी, पैसा मी लेऊ का?"
मग मागच्या गोठ्याकडे बोट केलं,
तीनदा उलटलेली गाय.
नखांतलं तांबडं तीन पाण्यांनीही गेलं नाही,
तसाच मोजा चढवला.

फाटकाशी आता डाग पडत नाही.
खंडूने फरशी रॉकेलने पुसली,
देवाचा खांदा तेवढा तांबूस राहिला.
काल पाहिलं, तिथे कोणीतरी
कण्हेरीची दोन फुलं ठेवली होती.
मी गाडी हातभर पुढे लावली.