चार बोटं

चीनचे रूळ जरा अरुंद, आमचे जरा रुंद.
फरक पंच्याऐंशी मिलिमीटरचा.
हातमोजा घालून चार बोटं जुळवा,
आडवी धरा. तेवढाच.
कुणी ठरवलं आणि का, जो तो वेगळं सांगतो.
त्या चार बोटांवर माझं घर चालतं.

अल्तिनकोल स्टेशन, पहाटेचे चार वीस. उणे एकोणीस.
पूर्वेची गाडी लादलेली येते,
शेजारच्या रुळांवर पश्चिमेला जाणारी
उघडी पाठ करून उभी.
मी वर, काचेच्या तळाच्या केबिनमध्ये,
स्वतःच्या बुटांमधून खाली बघत.
चार कोपरे, चार कड्या, खट्.
उचल. सरक. थांब, झोका विरू दे. ठेव.
झोपलेलं मूल पाळण्यातून काढून
अंथरुणावर ठेवावं, जाग येऊ न देता,
तसंच. फक्त पंचवीस टनांचं मूल.

खाली सेरिकबोल हातोडीनं चाकं वाजवत जातो,
बाजारात टरबूज वाजवून घ्यावं तसा.
तडा गेलेलं चाक बद्द बोलतं.
त्याला ते स्वप्नातही ऐकू येतं, असं त्याची बायको सांगते.

आत काय आहे ते मला दिसत नाही.
ते कागदाला ठाऊक:
पाठवणारा, घेणारा, वजन, सील.
कागद पोचला नाही तर माल समोर असून नसतो.
आणि सीलचा एक आकडा चुकला,
सातच्या जागी एक,
तर डबा बाजूला. रुळांच्या कडेला, बर्फात,
दिवसाचं भाडं अंगावर चढवत,
पोटात कुणाचा तरी उशीर घेऊन.

फेब्रुवारीत असाच एक निळा डबा सोळा दिवस राहिला.
सतराव्या दिवशी कस्टमच्या कुआनिशनं सील तोडलं.
वारा फार होता, क्रेन बंद,
म्हणून मीही उतरले होते, थर्मास घेऊन.
नऊ वर्षांत पहिल्यांदा डब्याच्या आत पाहिलं.

झाकणं.
चहाच्या किटल्यांची. नुसती झाकणं,
छतापर्यंत.

"आणि किटल्या?"
कुआनिशनं कागद उलटा केला, सुलटा केला.
"त्या दुसऱ्या देशात होतात. बोटीनं येतात.
पोलंडात, वूच नावाच्या शहरात, दोघांची गाठ पडायची आहे.
असं स्वस्त पडतं म्हणे."

मग मला दिसायलाच लागल्या
वूचच्या कुठल्याशा गोदामात
आ वासून बसलेल्या चाळीस हजार किटल्या,
आणि त्यांच्यामध्ये एक बाई,
बोगुमिला म्हणू या,
रोज सकाळी फोन लावणारी: निघालं का? कुठवर आलं?
तिला कोण सांगणार,
की बाई, चार बोटांवर अडलंय.

मोजताना एक झाकण सुटलं.
काँक्रीटवर टणटणत, गोल गोल, थेट वॅगनखाली.
सेरिकबोल पोटावर झोपून आत शिरला,
बाहेर आला, कोटाला पुसलं,
आणि सवयीनं
हातोडीच्या टोकानं हलकेच वाजवून पाहिलं.
"ठीक आहे," म्हणाला. "धावेल."
कुआनिशसुद्धा हसला.
मी ते त्याच्या हातून घेतलं, जरा वेळ धरलं,
खोक्यात ठेवलं.
यादी जुळली. नवं सील लागलं.
वारा पडला तशी मी शिडी चढले
आणि तो निळा डबा मीच उचलला.
एवढा हळू मी आजवर काहीच ठेवलं नसेल.

आमच्या किटलीचं झाकण दोन वर्षांपूर्वी फुटलं.
तेव्हापासून वर बशी ठेवतो.
सासूबाई रोज विचारतात, आज काय उचललंस?
मी रोज म्हणते, डबे.
त्या रात्री म्हणाले, झाकणं.
त्या किटलीकडे बघून इतक्या हसल्या, की खोकला आला.
"मग एखादं आणायचंस की गं!"

"मापाचं नव्हतं," मी म्हणाले,
आणि बशी नीट सरकवली.

हातमोजा काढून धरलं होतं मी ते.
चार बोटं, वर जरासं.