तिसरा मजला, डावीकडे

खरेदीखत मोठ्यानं वाचावं लागतं, असा इथला कायदा.
घेणाऱ्याला भाषा कळत नसेल
तर शपथ घेतलेला दुभाषी शेजारी बसवावा लागतो.
ती मी. तासाला चाळीस युरो, पाणी फुकट.

आज लापातली इमारत आहे. चार मजले,
दर्शनी भिंतीला निळ्या फरशा, नदीकडे सात खिडक्या.
घेणारे नॉर्वेचे, हाल्वर आणि सिग्ने.
दोघांचेही बूट इतके स्वच्छ
की लिस्बनच्या या चढावरून ते चालत आलेले नसणार.

नोटरीबाई वाचतात, मी मागून ओढत नेते:
बेचाळीस लाख.
गच्चीवर तरणतलाव, मंजूर.
तळघरात वाइनसाठी गार खोली, मंजूर.
न्हाणीघरात पायांखाली ऊब.
लिफ्ट, प्रस्तावित.
‘प्रस्तावित’वर सिग्ने हसते. सगळ्या देशांत
त्या शब्दाचा अर्थ एकच असावा.

मग चौथं पान. बोजा.
तिसरा मजला, डावीकडे: श्री. अबीलिउ फ्रागोझु,
भाडेकरू, तहहयात. भाडं एकशे अठरा युरो.

बोजा म्हटलं की मला पाठीवरचं पोतं दिसतं.
हा तर माणूस निघाला,
बंदरात वजनकाटे दुरुस्त करायचा म्हणे.
आता त्याचंच वजन
इमारतीच्या नावावर चढवून ठेवलंय.

हाल्वर माझ्याकडे वळतो. हळू आवाजात,
(वाईट माणूस नाही तो, कानसुद्धा लाल झाले)
‘वय काय त्यांचं?’

एकवीस वर्षांत मी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही.
घटस्फोटांतल्या शिव्यासुद्धा
वजनासकट पोचवल्यात.
हे तीन शब्द मात्र जिभेवरून उतरेनात.
मी नोटरीबाईंना म्हटलं,
‘हे विचारतायत, त्यांची तब्येत कशी आहे?’

बाईंनी चष्मा काढला.
सकाळपासून पहिल्यांदा कागदातून वर आल्या.
‘ठणठणीत! सांगा त्यांना.
गुरुवारी बागेत पत्ते खेळतात,
हरले तर पुन्हा डाव मांडायला लावतात.
जिना स्वतः चढतात, काखेत कोबी मारून.
आणि त्यांची आई, ऐका,
एकशे दोन वर्षांची होऊन गेली.’

आता हे परत नेणं आलं.
जसंच्या तसं नेलं. पत्ते, कोबी, आई.
एकशे दोनला हाल्वरनं पेन खाली ठेवलं.
मी गिळलेला प्रश्न
आपलं उत्तर घेऊन
बरोब्बर त्याच्याच दाराशी पोचला होता.

सिग्ने म्हणाली, ‘आणि रात्री? रात्री नदी दिसते ना?’
एजंट इतका वेळ गप्प होता, तो पुढे सरसावला:
रात्र तर बघाच तुम्ही!
पलीकडच्या काठावर दिवेच दिवे.
खरं सांगू? निम्मे पैसे त्या दिव्यांचेच.
हेही मी पोचवलं.

सह्या झाल्या. हाल्वरनं पेन उचललं होतं शेवटी.
साडेसहाची फेरीबोट धरून मी पलीकडच्या काठावर उतरले.
कासिल्यास, चौथा मजला. लिफ्ट नाही,
प्रस्तावितही नाही.

स्वयंपाकघरातली ट्यूब महिनाभर उघडझाप करतेय.
नवी आणून ठेवलीय, कपाटावर, पुठ्ठ्यासकट.
आज स्टूल ओढलं, चढले,
आणि खिडकीतून समोर लापा दिसलं.
न लागलेल्या खिडक्यांच्या रांगा,
मधेच कुठेतरी एक पिवळा ठिपका.
तिसरा मजला असेल, नसेलही.
इतक्या लांबून डावं-उजवं कळत नाही.

उतरले.
जुनी ट्यूब राहू दे अजून थोडे दिवस.
बेचाळीस लाखांत
तिचं लुकलुकणं धरलेलं आहे.